बाळाच्या रक्तातलं यीस्ट

पुणे
४ ऑगस्ट २०२३

वहिनी, जय भीम.

माझं पत्र पाहून तुमाले नवल वाटन. दादाच्या लग्नात मी चार दिवस आली होती. त्यानंतर आपलं बोलणं म्हणजे फोनवर 'जेवल्या काय' एवढंच. आता तुमचा फोन लावला तर दादाच उचलते. आई म्हणे, खुशबूनं फोन अतुलजवळ देऊन टाकला; जो तो विचारते बाळ कसं आहे, वजन किती झालं, अन् सांगता सांगता तिले रडू येते. बरं केलं वहिनी. मीही तेच विचारणार होती.

पत्राले लगेच उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून लिहून राहिली. दवाखान्यात बाळांच्या आयांच्या खोलीत बसल्या बसल्या वाचा. वाटलं तर लिहा, नाही वाटलं तर नका लिहू. दादानं आपल्या हुडको कॉलनीच्या पोस्टात टाकलं तरी दोन-तीन दिवसांत मले मिळते.

काल दादानं रिपोर्टचा फोटो पाठवला. दिवस भराच्या आधीच आलेल्या बाळाच्या रक्तात फंगस निघालं म्हणे. त्यावर जे नाव आहे, कॅन्डिडा, ते एक जातीचं यीस्ट आहे. वहिनी, मी इथं लॅबमध्ये चार वर्षांपासून यीस्टवरच काम करून राहिली. रोज ज्याले हातात घेते, त्याच्या भाऊबंदाचं नाव आपल्या घरच्या रिपोर्टवर पाहून मी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा वाचला. मी बाळाले अजून पाहिलंही नाही. फोटोत टोपी दिसते अन् नळ्या.

काही विचारावंसं वाटलं तर मले विचारा. डॉक्टरएवढं मले समजत नाही, पण तुमच्यासाठी मले वेळ आहे.

तुमची
आम्रपाली

—

भिलाई
८ ऑगस्ट

आम्रपालीताई, जय भीम.

मराठी लिहाची सवय नाही. शाळा हिंदीत झाली, मराठी घरात बोलण्यापुरती. चुका होतीन, हसू नका.

इथं आमी सात जणी आहो. सगळ्यांचे बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. दिवसभर एकच काम, दूध काढाचं अन् सिस्टरनं नाव पुकारलं का पायऱ्या चढाच्या. पेटीले गोल गोल दोन खिडक्या आहेत, त्यातून हात आत घालाले देतात. मी त्याच्या पाठीवर हात ठेवते. त्याची पाठ म्हणजे माझे तीन बोटं. सिस्टर म्हणते, "माँ का हाथ पहचानता है, देखो, साँस ठीक चलने लगी." खरंच, हात ठेवला का मशीनवरचा आकडा वर जाते. दिवसातून तेवढंच मले बरं वाटते.

बाकी मले कोणी काही सांगत नाही. डॉक्टर मॅडम आल्या, "ब्लड में फंगस है, दवा शुरू कर दी है" म्हणाल्या अन् पुढच्या पेटीकडं गेल्या. तुमच्या दादाले विचारलं तं म्हणे, "तू टेंशन घेऊ नको." मोहन नगरहून माझी आई येते, ते म्हणते नजर लागली. सासूबाई डबा आणतात अन् नुसत्या बसून राहतात माझ्याजवळ. तुमचे बाबा खाली स्कूटरजवळ उभे राहतात, वर येत नाहीत. त्याइले पाहवत नाही म्हणे.

तं तुमालेच विचारते. हे यीस्ट म्हणजे पाव फुगवाचं असते तेच काय? ते एवढ्याशा लेकराच्या रक्तात कुठून आलं? अन् मरते कसं? मले लहान पोरीले सांगतात तसं सांगा, मी कॉमर्सवाली आहे.

खुशबू

—

पुणे
१२ ऑगस्ट

वहिनी, जय भीम.

तुमचं मराठी छान आहे. माझंच पुण्यात राहून खिचडी झालं.

पाव फुगवते ते यीस्ट वेगळं. ते गरीब आहे, मी त्याच्यावरच काम करते. बाळाच्या रक्तातलं त्याच्या नात्यातलं, पण जरा द्वाड. दिसाले दोघं सारखेच. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर इवलेसे अंडे दिसतात, अन् एका अंड्याले बाजूनं दुसरं फुटत असते.

त्याचं सगळं बळ त्याच्या भिंतीत आहे. प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते. सगळ्यात बाहेर प्रोटीनचा लेप, अन् त्याच्या आत साखरेच्या लांब लांब साखळ्यांचं जाळं. त्या साखळीले ग्लुकन म्हणतात. साखरच आहे, पण अशी गुंफलेली का पोत्याच्या सुतळीसारखी मजबूत. हे जाळं आहे म्हणून ते पाण्यातही फुटत नाही.

माझं काम ते जाळं कापायचं. मातीत एक जिवाणू राहते, ते अशी बुरशी खाऊन जगते. खायाचं तर आधी भिंत फोडावी लागते, म्हणून त्याच्याजवळ त्याचे एन्झाइम आहेत. एन्झाइम म्हणजे तसं प्रोटीनच, पण काम कातरीचं. ते ग्लुकनची साखळी मधेमधे कापत जाते. आमी ते एन्झाइम बाटलीत विकत आणतो. आधी एक औषध टाकून बाहेरचा लेप ढिला कराचा. त्याचा वास असा का पूर्ण मजला नाक दाबते. मग एन्झाइम. मग ती नळी थोडा वेळ कोमट ठेवायची. वहिनी, त्यात साधं पाणी टाकलं ना, तर ताकासारखी गढूळ नळी डोळ्यादेखत साफ होते. भिंत गेली, पाणी आत घुसलं, सगळ्या पेशी फुटल्या. मी कितीदा पाहिलं, तरी दरवेळी पाहातच राहते.

अन् महत्त्वाचं सांगते. माणसाच्या पेशीले अशी भिंतच नसते. तुमच्या नाही, माझ्या नाही, बाळाच्या नाही. म्हणून भिंतीवर घाव घालणारं औषध यीस्टले मारते अन् आपल्याले फारसं काही करत नाही.

कुठून आलं विचारलं. ते सगळीकडंच असते. तोंडात, पोटात, चामडीवर, आपल्या हातावर. तुमच्या-माझ्याही असन. आपल्याले त्याचं काही होत नाही, इतक्या लहान बाळाले होते.

बाळाच्या पाठीवर हात ठेवता ते वाचून खूप बरं वाटलं.

आम्रपाली

—

भिलाई
१६ ऑगस्ट

ताई, जय भीम.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आता मले समजलं. कोणी सांगितलंच नव्हतं असं.

बाळ ठीक आहे. मी रोज वर जाते. हात खूप धुते, साबण लावून लावून सालं निघाले, बाकी काही नाही. सासूबाईले पण म्हटलं, कोणाले हात लावू देऊ नका.

एक विचाराचं आहे. काल मॅडम म्हणाल्या, जे औषध चालू होतं त्यानं फंगस मरून नाही राहिलं. रक्ताचा रिपोर्ट पुन्हा खराब आला. आता दुसरं इंजेक्शन मागवतो म्हणे, ते रायपूरहून येईन. त्याचं वजन पुन्हा कमी झालं. काल त्याचा रंग राखेसारखा दिसत होता, असं सिस्टर म्हणाली.

ताई, तुमच्याजवळ तं ते आहे. तुमी स्वतः लिहिलं, गढूळ नळी डोळ्यादेखत साफ होते. तुमी हेही लिहिलं का आपल्या पेशीले भिंत नाही, मंग त्याले काय होईन? थोडंसं द्या. एवढासा तं आहे तो, त्याले किती लागन? अतुलले मी बोलली नाही, तो नाही म्हणन. तुमी बर्फात ठेवून गाडीनं पाठवा, दुर्ग स्टेशनवर माझे बाबा घ्याले जातीन, त्याइची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्याइले सगळे ओळखतात. मॅडमचे पाय धरन मी, टोचा म्हणन.

मी तुमाले कधी काही मागितलं नाही. हे मागून राहिली.

खुशबू

—

पुणे
१९ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी खरंच लॅबचा फ्रीज उघडला. बाटली हातात घेऊन उभी राहिली. मैत्रिणीनं विचारलं काय झालं, तर बाटली परत आत ठेवली.

नाही पाठवू शकत वहिनी. तुमाले राग येईन, तरी पूर्ण वाचा.

ते एन्झाइम नळीत चालते, रक्तात नाही. ते दुसऱ्या जिवाचं प्रोटीन आहे. बाळाच्या रक्तात गेलं तर त्याचं शरीर त्याले शत्रू समजन, अंगभर सूज येईन, श्वास थांबू शकते. अन् बाटलीत ते एकटं नसते. त्याच जिवाणूचे दुसरे एन्झाइम पण त्यात असतात, ते भिंत नाही कापत, प्रोटीन कापतात. ते तर आपलंही कापतीन. आपल्याले भिंत नाही हे मी लिहिलं ते खरं, पण भिंत नाही म्हणजे आपल्याले कशाचाच धोका नाही असं नाही. मी तसं लिहायला पाहिजे नव्हतं. मी माझ्या कामाच्या खुशीत लिहून गेली. तुमी ते कुठं बसून वाचून राहिल्या याचा विचार केला नाही.

जे इंजेक्शन रायपूरहून येणार आहे, त्याचं नाव दादानं मले सांगितलं. ते चांगलं आहे. ते भिंत कापत नाही, भिंत बांधूच देत नाही. यीस्ट वाढते तेव्हा त्याले सारखं नवीन ग्लुकन विणावं लागते, हे औषध ते विणणंच बंद पाडते. मग भिंत आपोआप कच्ची पडते अन् ते फुटते. कातरीपेक्षा हळू, पण रक्तात द्यायसाठीच बनलं आहे. इतक्या लहान बाळांना दिलेलं आहे.

त्याच्यावर भरवसा ठेवा.

आम्रपाली

—

भिलाई
२३ ऑगस्ट

ताई,

ठीक आहे. समजलं.

इंजेक्शन आलं, चालू केलं. तुमी शिकलेल्या आहा, तुमचं बरोबर असन. पण तुमी पुण्यात आहा अन् मी इथं आहे. सात जणी होतो, आता पाच आहो. दोघींचे बाळ घरी नाही गेले.

पुन्हा पत्र लिहाले मले जमणार नाही.

खुशबू

—

पुणे
२९ ऑगस्ट

वहिनी,

तुमी लिहू नका, पण हे वाचा. आईले म्हटलं, वाचून दाखव नाहीतर समोर धरून ठेव.

काल रात्री आईचा फोन होता. तुमच्या तब्येतीचं विचारलं तर ती आधी टाळत होती. मग म्हणे, "आमू, खुशबू बाळाकडं जातच नाही. दूध काढून दवाखान्यातल्या आयाबाईच्या हाती देते अन् मागच्या जिन्यावर बसून राहते. सिस्टरनं दहादा पुकारलं. अतुल रागावला, तरी नाही. हात पाहशील तर तिचे, कोपरापर्यंत सोलले."

मी तुमचे सगळे पत्र काढून बसली. आठ तारखेच्या पत्रात तुमी पाठीवर हात ठेवता. सोळा तारखेच्या पत्रात, बाळाचा रंग कसा होता ते सिस्टरनं तुमाले सांगितलं. म्हणजे तेव्हाच तुमी आत जाणं सोडलं होतं. मधात एकच गोष्ट झाली, माझं पत्र. त्यात मी लिहिलं, यीस्ट आपल्या हातावर असते.

वहिनी, तुमाले वाटलं तुमच्या हातानं गेलं. हो ना?

असं नाही. ऐका. ते जन्मल्यापासून प्रत्येकाच्या अंगावर येते, बाळाच्या स्वतःच्या पोटात अन् चामडीवरही. पूर्ण दिवसांच्या बाळाची चामडी जाड असते, ते आत जाऊ देत नाही. त्याची चामडी कागदासारखी आहे. त्याले नळ्या लावल्या, त्या लावल्या नसत्या तर तो जगला नसता. जिवाणू मारायचे औषधं दिले, तेही लागतच होते. पण जिवाणू मेले का यीस्टले जागा मोकळी होते. यातलं कोणतं कारण, कोणाचा हात, हे जगात कोणी सांगू शकत नाही. अन् धुतलेला आईचा हात डॉक्टर स्वतः आत घालाले सांगतात, ते काय त्याइले समजत नाही म्हणून?

हे तेव्हाच एवढं पूर्ण लिहिलं असतं तर तुमी पंधरा दिवस जिन्यावर बसल्या नसत्या. मी अर्धं लिहिलं.

मी येऊन राहिली. सरांकडून सुट्टी घेतली. तुमी बोलल्या नाही तरी चालन.

आम्रपाली

—

भिलाई, हुडको
२१ सप्टेंबर

आम्रपालीताई, जय भीम.

तुमाले पोचून आठवडा झाला असन. लिहणार नाही म्हटलं होतं, तं आता लिहून राहिली. तुमी इथं होत्या, सगळं पाहिलं, तरी मले माझ्या तोंडानं सांगाचं आहे. इथं होत्या तेव्हा मले बोलता आलं नाही.

तुमी दुर्गले उतरून बॅग घेऊन सरळ जिन्यावर आल्या, तेव्हा मले वाटलं आता हे भाषण देईन. तुमी नुसत्या बसल्या. चहा मागवला. मंग म्हणाल्या, "चला, मले भाचा दाखवा." मी म्हटलं, "तुमीच जा." तुमी म्हणाल्या, "मले आत सोडत नाहीत वहिनी. आईशिवाय कोणाले सोडत नाहीत. तुमी नाही गेल्या तर तो एकटाच आहे तिथं."

एकटाच आहे, हे मले कोणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणत होते, तू जा, तुझं कर्तव्य आहे. पण मी तरी उठली नाही, तुमाले आठवत असन. मले माझ्या हाताचं भेव होतं.

तेव्हा तुमी खालच्या लॅबमधल्या सोनल मॅडमशी जाऊन बोलल्या. काय बोलल्या ते मले आजपर्यंत माहीत नाही. मॅडम स्वतः बाहेर आल्या, म्हणाल्या, "आओ खुशबू, देखना है न किससे लड़ाई है?" मी घाबरतच गेली. त्याइनं मायक्रोस्कोपमध्ये काच लावून दिली, म्हणाल्या, यातले सगळे मेलेले आहेत, रंग लावलेले आहेत, घाबरू नको. मी डोळा लावला. आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. मंग दिसलं. जांभळे जांभळे टिपके, अंड्यासारखे, एकाले दुसरं चिकटलेलं. तुमी लिहिलं होतं तसंच.

मी विचारलं, "बस? यही है?" मॅडम म्हणाल्या, "यही है."

ताई, मले काय वाटत होतं माहीत आहे? रात्री डोळे मिटले का मले काळं, केसाळ, असं काहीतरी दिसाचं, त्याच्या अंगात पसरून राहिलेलं, अन् ते माझ्या बोटांतून निघालेलं. तिथं पाहिलं तं साबुदाण्यासारखे दाणे. मले हसू आलं का रडू आलं समजलं नाही. मंग मॅडमनं दुसरी काच दाखवली, कोण्या दुसऱ्याच्या थुंकीची. त्यात पण तसेच दोन-तीन दाणे होते. म्हणाल्या, "ये एकदम तंदुरुस्त आदमी है. मेरे में भी मिलेगा, तेरी ननद में भी."

तेव्हा मी वर गेली.

तुमी काचेबाहेर उभ्या होत्या, तुमाले माझी पाठच दिसली असन. सिस्टरनं हात धुवून दिले, सोललेल्या जागी झोंबलं. खिडकी उघडली. मले वाटलं होतं तो ओळखन, काही करन. त्यानं काहीच नाही केलं. झोपलेला होता. मी हात ठेवला अन् तो झोपूनच राहिला. माझा खांदा भरून आला, बोटं सुन्न झाले, तरी मी हात काढला नाही. सिस्टर म्हणे, "कल फिर आना, कहीं भागा नहीं जा रहा."

त्यानंतर तुमी होत्या तोपर्यंतचं तुमाले माहीत आहे. तुमी गेल्यावरचं सांगते. रक्ताचा रिपोर्ट दोनदा साफ आला. आता मले खुर्चीवर बसवून त्याले माझ्या छातीवर ठेवतात, कांगारू म्हणतात त्याले. वजन वाढून राहिलं. मी रात्री घरी झोपाले येते. काल तुमचे बाबा पहिल्यांदा वर आले, काचेतून पाहिलं अन् आपलंच नाव घेऊन म्हणाले, "जानराव मेश्रामचं नाक आहे." अन् लगेच खाली गेले.

पण एक गोष्ट आहे. परवा डोळ्याचे डॉक्टर येऊन गेले. ते वरच्या डॉक्टर मॅडमशी हळू बोलत होते, मी "लेफ्ट आय" ऐकलं. अतुल म्हणे, काही नाही, रुटीन आहे. त्याचा चेहरा मले समजते. तुमाले माहीत असन. आता तरी मले अर्धं लिहू नका.

खुशबू

—

पुणे
२५ सप्टेंबर

वहिनी, जय भीम.

दादाशी बोलली. त्याले म्हटलं, तू नाही सांगत तर मी सांगते. तो म्हणे, सांग. त्याच्यावर रागावू नका. तो रोज पावर हाउस बाजारातल्या दुकानातून तुमचा आवडता चिवडा घेऊन येते अन् दारातच उभा राहते, आत काय बोलावं सुचत नाही म्हणून. हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं.

आता पूर्ण सांगते. यीस्ट रक्तात असलं का ते कुठंही उतरू शकते. डोळ्यात, मेंदूत, हृदयात, किडनीत. हे मले पहिल्या रिपोर्टच्या दिवशीच माहीत होतं. इतक्या लहान बाळांपैकी बरेच वाचत नाहीत, हेही माहीत होतं. मी तुमाले लिहिलं नाही. तुमी आधीच खचल्या होत्या असं मी स्वतःले समजावलं. खरं म्हणजे ते शब्द लिहाची मलेच हिंमत झाली नाही.

मेंदूची तपासणी साफ आहे. हृदय साफ आहे, किडनी साफ आहे. उजवा डोळा चांगला आहे. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर एक पांढरा डाग सापडला. यीस्ट तिथं पोचलं होतं. औषधानं ते मरून राहिलं, डाग छोटा होऊन राहिला, पण जागेवर व्रण राहू शकते. व्रण मधोमध असला तर त्या डोळ्यानं कमी दिसन. किती कमी, ते आज कोणालेच सांगता येत नाही. तो मोठा होईन, उजेडाकडं पाहन, वस्तूच्या मागं नजर फिरवन, तेव्हा समजन. त्याले महिने लागतीन. याच्यासाठी डोळ्याचे डॉक्टर अजून औषध वाढवणार आहेत, म्हणून घरी यायाले उशीर होऊन राहिला.

याच्यापुढचं मले माहीत नाही. माहीत असून लपवलं असं आता काहीच उरलं नाही.

माझं सांगायचं तर, लॅबमध्ये परत आली तेव्हा पहिल्या दिवशी नळी साफ होताना पाहून मले मजा नाही वाटली. दुसऱ्या दिवशी वाटली. कामच आहे ते.

आम्रपाली

—

भिलाई, हुडको
१७ डिसेंबर

आम्रपाली, जय भीम.

तुले आता ताई म्हणत नाही. तू माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान आहे, सासूबाईनं सांगितलं. राग आला तं कळव.

तुझं सप्टेंबरचं पत्र मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. मंग अतुलले म्हटलं, मले सगळं माहीत आहे, आता तू दारात उभा राहू नको, आत ये. तो आत आला अन् असा रडला का खोलीतल्या बाकीच्या बाया बाहेर निघून गेल्या. लग्नानंतर पहिल्यांदा आमी दोघं मनातलं बोललो. मले वाटत होतं त्याले काही वाटतच नाही. त्याले वाटत होतं मी त्याले दोष देऊन राहिली.

घरी येऊन दीड महिना झाला, ते तुले फोनवर सांगितलंच. हो, फोन मी परत घेतला. पण हे पत्रातच लिहाचं होतं.

परवा डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. सासूबाई, अतुल, मी. बाबा पण आले, स्कूटरजवळ नाही थांबले. डॉक्टरनं आधी डाव्या डोळ्यावर पट्टी लावली अन् उजव्या समोर लाल चेंडू फिरवला. त्यानं नजर फिरवली. इकडं फिरवला इकडं, तिकडं फिरवला तिकडं. मंग पट्टी उजव्या डोळ्यावर. चेंडू फिरवला. तो रडाले लागला, पट्टी ओढाले पाहत होता. डॉक्टर म्हणाले, चांगला डोळा झाकला का असे रडतात, याचा अर्थ डावा कमजोर आहे. मी विचारलं, "कुछ दिखता है उससे?" म्हणाले, उजेड दिसते, मोठी वस्तू दिसत असन. रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा, कमजोर डोळ्याले काम करू द्या. चष्मा लागन. शाळेत समोर बसवा लागन. मी म्हटलं, शाळेत जाईन ना? म्हणाले, "क्यों नहीं जाएगा?"

बस, तेवढंच मले पाहिजे होतं.

आता रोज दुपारी मी त्याले पलंगावर टाकते अन् उजव्या डोळ्यावर पट्टी लावते. पहिल्या दिवशी खूप रडला, दुसऱ्या दिवशीही. घरातले सगळे भोवती उभे. सासूबाई चमचा वाजवतात, बाबा टोपी हलवतात, अतुल तं नाचाचा बाकी राहिला. सगळे म्हणतात, माझ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. काल मी सगळ्याइले बाहेर काढलं, दार लावलं अन् एकटीच त्याच्याजवळ बसली. काही वाजवलं नाही. थोड्या वेळानं त्याचं रडणं थांबलं. तो वर पाहत होता. मी त्याच्या तोंडावर वाकली, तं त्यानं मान थोडी बाजूले केली, मी मधात येऊन राहिली म्हणून. मी सरकली. पुन्हा तिकडंच पाहाले लागला.

वर पंखा आहे. डिसेंबर आहे तं बंदच आहे. त्याचे तीन पाते, त्याच्यावरची धूळ, तेच तो पाहत होता, पापणी न हलवता, त्याच कमजोर डोळ्यानं.

बाहेर आली तं बाबानं विचारलं, "कोणाकडं पाहते वं?" मी म्हटलं, "पंख्याकडं पाहते." बाबाचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "पाहते ना पण, बाबा. पाहते."

तुझी
खुशबू